कठीण चालेल, वाटप सरळ हवं: वॉरक्राफ्टच्या गट-अचीव्हमेंट एका हीलरच्या नजरेतून

मी हीलर आहे, लढताना साथीदारांचं आयुष्य भरून देणारी. म्हणजे रेडमध्ये, मोठ्या गटाने मिळून लढायच्या मोहिमेत, कुणी मेलं की सगळ्यांच्या नजरा आधी माझ्याकडे वळतात, आणि मेलेला माणूस आगीत उभा होता का, हे नंतर पाहिलं जातं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम मी ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या त्याच्या विस्तार-भागाच्या काळात खेळले आणि २०२२ मध्ये तोच भाग क्लासिक म्हणून, जुन्या रूपात, परत आला तेव्हा पुन्हा खेळले. दोन्ही वेळा अचीव्हमेंटसाठी, म्हणजे ठरावीक अट पाळून केलेल्या कामगिरीच्या नोंदीसाठी, माणसं जमवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे हे अख्ख्या गेमचं परीक्षण नाही. ग्राफिक्स, कथा, सब्स्क्रिप्शन यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बघायचंय ते एवढंच की दहा किंवा पंचवीस जणांनी मिळून करायच्या अवघड अचीव्हमेंट आणि त्यांची बक्षिसं यांचा व्यवहार सरळ आहे का.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. उल्डुआर ही रेड फार छान. नॅक्सरामस या रेडमधली ‘द इमॉर्टल’ वाईट, आणि ती अवघड आहे म्हणून नव्हे. क्रुसेडरचा आखाडा चिडचिड करायला लावणारा. आणि बक्षीस कुणाच्या पदरात पडावं, या प्रश्नावर गेमने इतक्या वर्षांत इतक्यांदा मत बदललंय की त्यांनाही उत्तर सापडलेलं दिसत नाही.

अचीव्हमेंट ही व्यवस्था गेममध्ये आली ऑक्टोबर २००८ मध्ये. पुढच्याच महिन्यात ‘रॅथ’ आलं आणि त्याबरोबर नव्याने बांधलेलं नॅक्सरामस. पंधरा बॉस, म्हणजे मोठे शत्रू. दहाच्या गटाला ‘द अनडाइंग’ हे टायटल, म्हणजे नावाला लावायची पदवी, पंचवीसच्या गटाला ‘द इमॉर्टल’. अट वाचायला साधी: एकाच आठवड्याच्या लॉकआउटमध्ये, म्हणजे मारलेले बॉस पुन्हा उभे राहायच्या आत, पंधराही बॉस मारायचे आणि कुठल्याही बॉसच्या लढतीत आपलं एकही माणूस मरता कामा नये. ट्रॅश, म्हणजे वाटेवरचे किरकोळ शत्रू, मारताना मेलात तर माफ. बॉससमोर एक जण आडवा झाला की त्या आठवड्याचा विषय संपला, पुढच्या रीसेटपर्यंत बसा.

आता गंमत अशी, की तेव्हाचं नॅक्सरामस मुळात अवघड नव्हतंच. बरी गिल्ड्स (खेळाडूंचे कायमचे संघ) ते गप्पा मारत संपवायची. मग ‘इमॉर्टल’मध्ये अवघड काय होतं? तर पंचवीस जणांपैकी एकाचंही लक्ष, नेट किंवा नशीब पंधरा लढतींत एकदाही न ढळणं. हायगनचं उदाहरण घ्या. त्याच्या खोलीतली जमीन चार पट्ट्यांत विभागलेली. ठरलेल्या क्रमाने एक पट्टा सुरक्षित राहतो, बाकीच्यांतून विषारी कारंजी उसळतात, आणि आपण त्या ठेक्यात इकडून तिकडे पळायचं. ज्यांना जमतं त्यांना ते डोळे मिटून जमतं. पण नेट अर्धा सेकंद अडखळलं, की तुमच्या स्क्रीनवर तुम्ही सुरक्षित पट्ट्यात आणि सर्व्हरच्या हिशेबी कारंज्यावर. बरं, हीलरने वाचवावं म्हणाल, तर त्या नाचात मीही पळतच असते. उभं राहून मोठा हील टाकायला सवड नाही, धावताधावता जे टाकता येईल तेवढंच.

सगळ्यात शेवटी केल’थुझाड. हा मधेच कुणाला तरी बर्फात गोठवतो, त्याच्या शेजारी उभे असलेलेही गोठतात, आणि चार सेकंदांत त्यांचं सगळं आयुष्य उतरतं. त्या चार सेकंदांत हील पडला तर माणूस वाचतो. पंचवीसच्या लढतीत तो आपल्यातल्याच काहींना वश करून आपल्यावर सोडतो. वश झालेल्यांत दोन हीलर निघाले आणि तेवढ्यात बर्फ पडला, तर चौदा बॉसची मेहनत गेली. यात कोण चुकलं? कुणीच नाही. कुणीही न चुकता हरता येईल अशी लढत मला मान्य आहे, पण मग पुन्हा लगेच खेळू द्या. आठवडाभर दार बंद करू नका.

सुरुवातीला तर हे प्रकरण ‘ग्लोरी ऑफ द रेडर’ या मोठ्या अचीव्हमेंटच्या यादीतही होतं. म्हणजे बक्षिसाच्या ड्रेकवर, त्या उडत्या ड्रॅगनवर, बसायचं असेल तर आधी कुणीही न मरता नॅक्सरामस. पुढे ती अट यादीतून काढली, हे बरं केलं. मग उल्डुआर आल्यावर त्या यादीतले ते दोन ड्रेकच मिळायचे बंद झाले, हे मात्र मला पटलेलं नाही. ज्याने ते मिळवलं त्याचा मान राहावा म्हणून बाकीच्यांना कायमची बंदी, हा न्याय मला फार पातळ वाटतो. आपण तेव्हा खेळत होतो एवढंच त्यात अनेकांचं कर्तृत्व.

पण ‘इमॉर्टल’वर माझा खरा राग वेगळ्या कारणाने आहे. क्लासिकमध्ये आमच्या गिल्डमध्ये एक हंटर होता. डॅमेज मीटरवर, म्हणजे कोण किती मारतो त्या मोजणीत, कायम पहिल्या तिघांत, कधी उशीर नाही, कधी कुरकुर नाही. फक्त त्याचं नेट रात्री डळमळायचं. एरवीच्या रेडमध्ये याचं कुणाला काही नव्हतं. तो मेला तर मेला, बॉस पडायचाच, आणि ‘हंटर झोपला’ म्हणून हशा व्हायचा. ‘इमॉर्टल’ची यादी करायला बसलो तेव्हा मात्र ऑफिसरांच्या चॅनलमध्ये वगळायला पहिलं नाव त्याचं निघालं. त्याला सांगायला कुणी तयार होईना. “ताई, तू बोल ना. तुझं ऐकतो तो.” मी बोलले. तो “बरं” म्हणाला, आणि त्या रात्री व्हॉइसवर म्यूट होऊन आमचा स्ट्रीम बघत बसला. केल’थुझाड पडल्यावर सगळ्यात आधी “जीजी” (गुड गेम) त्यानेच टाइप केलं. त्याच्या जागी जो माणूस घेतला होता तो थोड्याच दिवसांत टायटल मिरवत दुसऱ्या गिल्डमध्ये गेला.

याला गिल्डचा कोतेपणा म्हणता येईल. मी म्हणत नाही. अट अशी असेल तर विचार करणारा कुठलाही गट हेच करणार. जिथे एकाच्या घसरण्याने चोवीस जणांचा आठवडा जातो, तिथे प्रत्येक नवा, प्रत्येक हळू, प्रत्येक खराब नेटवाला माणूस म्हणजे जोखीम. अचीव्हमेंट गटाला एकत्र आणण्यासाठी आणि पहिलं काम काय होतं, तर माणसं गाळायचं. इथेच घोडं पेंड खातं.

याच्या नेमकं उलट उल्डुआर. एप्रिल २००९ मध्ये आलं, आणि मला अजून वाटतं की सामूहिक आव्हान कसं आखावं याचा एवढा चांगला नमुना या गेमने नंतर क्वचितच दिला. इथे मेनूत जाऊन ‘हार्ड’ निवडायचं नसतं. अडचण तुम्ही लढतीतच ओढवून घेता. एक्सटी-००२ चं हृदय उघडं पडतं तेव्हा ते फोडलंत, की तो चवताळतो. मिमिरनच्या खोलीत ‘हे बटन दाबू नका’ अशी सूचना लिहिलेलं लाल बटन आहे. ते दाबलंत की खोलीला आग लागते आणि घड्याळ सुरू होतं. फ्रेयाचे तीन वडीलधारे आधी न मारता तिच्याकडे गेलात तर त्यांची ताकद तिला मिळते. सर्वांत सुरेख योग-सॅरनचं. चार रक्षक तुमच्या मदतीला येऊ शकतात. तीन घ्या, दोन घ्या, एकच घ्या, किंवा एकही न घेता जा. प्रत्येक पायरीला वेगळी अचीव्हमेंट, शेवटची ‘ॲलोन इन द डार्कनेस’.

या आखणीत न्याय कुठे आहे ते सांगते. एक म्हणजे मधे पायऱ्या आहेत. आमच्यासारख्या आठवड्यातून दोन रात्री खेळणाऱ्या गिल्डला दोन रक्षकांसकट जिंकल्याचंही काहीतरी मिळतं. सगळं किंवा काहीच नाही, असा सौदा नाही. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: बिघडलं की वाइप करायचं, म्हणजे सगळ्यांनी मरायचं, धावत परत यायचं, पुन्हा सुरू. कुणी चुकला तर त्याची किंमत दहा मिनिटं. दहा मिनिटांसाठी कुणी कुणाला यादीतून काढत नाही. तोच हंटर उल्डुआरमध्ये आमच्याबरोबर होता. मिमिरनच्या आगीत तो किती वेळा भाजला याची मोजदाद कुणी ठेवली नाही, कारण ठेवायची गरज पडली नाही.

शिवाय उल्डुआरच्या हलक्या अचीव्हमेंटही मजेच्या आहेत. रेझरस्केलच्या आगीच्या फुंकरीत पंचवीस बुटके भाजून काढायचे. म्हणजे टँकने, मार अंगावर घेणाऱ्या खेळाडूने, त्यांना नीट गोळा करून धरायचं आणि बाकीच्यांनी आपला हात आवरायचा. डीपीएस, म्हणजे मारा करायची भूमिका, खेळणाऱ्याला ‘मारू नकोस’ सांगणं हे जगातलं सर्वांत कठीण काम आहे, पण त्यात आख्खा गट हसतो. कोलोगार्नचे दोन्ही हात आणि धड बारा सेकंदांच्या आत पाडायचं, हेही तसंच. एकट्याच्या कौशल्यापेक्षा एकमेकांशी बोलण्यावर अवलंबून. अल्गलॉनला मात्र तासाभराची मुदत आहे. त्याला पहिल्यांदा डिवचलंत की आठवड्यात तेवढा एकच तास. कडक आहे, पण त्या तासात पडा-उठा, काय वाटेल ते करा. मला चालतं.

आखाड्याबद्दल फार लिहीत नाही. ‘ट्रायल ऑफ द ग्रँड क्रुसेडर’, ऑगस्ट २००९, पाच लढती आणि सगळ्या मिळून आठवड्याला पन्नास प्रयत्न. जितके प्रयत्न शिल्लक तितकी शेवटची पेटी भारी. पन्नासच्या पन्नास शिल्लक, म्हणजे एकही वाइप नाही, तर ‘ट्रिब्यूट टू इन्सॅनिटी’. त्यावर कडी म्हणून पंचवीस जणांत कुणीही न मरता केलंत तर ‘अ ट्रिब्यूट टू इमॉर्टॅलिटी’ आणि एक घोडा. कल्पना वाईट नाही, निदान प्रत्येक पडझडीला एक प्रयत्नच जातो. पण शिकायला आलेल्या माणसामागे प्रयत्न मोजले जात असतील तर त्याला शिकवणार कोण? आम्ही नवख्यांना नॉर्मलमध्ये, सोप्या पातळीवर, नेलं आणि ग्रँडला नेहमीचेच चेहरे. पुन्हा तेच.

आता बक्षिसांकडे. उल्डुआरची यादी पूर्ण केलीत की ड्रेक तुमच्या टपालपेटीत येतो. प्रत्येकाच्या. भांडण नाही, बोली नाही. दहाच्या यादीला एक, पंचवीसच्या यादीला दुसरा. मला विचाराल तर सामूहिक कामाचं बक्षीस असंच असावं. ‘रॅथ’मध्येच याच्या उलट नमुनाही आहे. सार्थेरियनला त्याचे तिन्ही ड्रेक जिवंत ठेवून मारलं, तर अचीव्हमेंट सगळ्यांना, पण बसायचा ड्रेक पडतो एकच. पंचवीसही जण शंभरपर्यंतचा आकडा टाकतात आणि एक जण उडून जातो. मिमिरनचं डोकं हे माउंट, म्हणजे बसायचं वाहन, तसंच, रक्षकांशिवाय योग-सॅरन मारला तर एक. लिच किंगचा घोडा इन्व्हिन्सिबलही तसाच. गट जितका मोठा तितका प्रत्येकाचा वाटा नशिबावर, हे गणित मला कधीच आवडलं नाही.

वाटपाच्या पद्धतींवर गिल्ड्स फुटलेली मी पाहिली आहेत. मास्टर लूटरच्या, म्हणजे लूट वाटणाऱ्या एकाच माणसाच्या, हातात सगळं दिलं तर मास्टर लूटरच्या मित्राचं भलं. डीकेपीमध्ये, म्हणजे रेड करून साठवलेल्या गुणांवर लूट घ्यायच्या पद्धतीत, जुन्यांकडे गुणांचे ढीग, नवा कायम मागे. जीडीकेपीमध्ये सोन्याची बोली लागते आणि जमलेलं सोनं सगळ्यांत वाटलं जातं. हे ऐकायला सगळ्यात समतेचं, पण ते सोनं कुठून आलं हे विचारायचं नसतं. २०२४ मध्ये ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या क्लासिकच्या आवृत्तीत त्यावर बंदीच आली. मूळ गेमने २०१८ मध्ये मास्टर लूट काढून प्रत्येकाला आपापली लूट दिली, आणि २०२२ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’ या भागाबरोबर रेडमध्ये पुन्हा गटाची लूट आणली. कपड्या-शस्त्रांपुरता हा घोळ मी समजू शकते, कारण ती पुढच्या आठवड्यात पुन्हा पडतात. कर्तबगारीची खूण म्हणून दिलेलं माउंट फाशांवर टाकू नये, एवढंच माझं म्हणणं.

पण टपालपेटीनेही एक प्रश्न सुटत नाही, आणि तो मला सगळ्यांत जास्त खुपतो. अचीव्हमेंट मिळते ती बॉस पडताना खोलीत असलेल्यांना. बस. कोण किती रात्री राबला, याचा गेमकडे हिशेब नाही. आमच्याकडे एक वॉरलॉक (जादूगार) होता. योग-सॅरनच्या मेंदूत उतरणाऱ्या तुकडीचं नेतृत्व तो करायचा. कुठल्या दारातून जायचं, कधी पाठ फिरवायची, कधी बाहेर यायचं, हे बाकीच्यांना त्यानेच शिकवलं. ज्या रात्री बॉस पडला त्या रात्री तो कामावर होता. त्याच्या जागी टँकचा चुलतभाऊ आला, पहिल्या पाच मिनिटांत मेला, आणि जमिनीवर पडल्यापडल्या त्याच्या नावावर अचीव्हमेंट झळकली. वॉरलॉकला काहीही नाही. मग त्याच्यासाठी पुन्हा एकदा सगळ्यांनी जायचं. बरे लोक जातात, पण उत्साह पहिल्या वेळेसारखा नसतो, आणि ज्यांना मिळून चुकलंय त्यांना त्या रात्री नेमकं काहीतरी काम निघतं.

मी त्यासाठी एक तक्ता ठेवत असे. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात अचीव्हमेंट, ज्याचं जे राहिलंय तिथे लाल. रेडची रात्र ठरवताना लाल खुणा जास्त कुठे आहेत ते बघायचं. हे काम खरं तर गेमने करायला हवं. २०१० मध्ये ‘कॅटाक्लिझम’बरोबर गिल्डच्या नावावर जमा होणाऱ्या अचीव्हमेंट आल्या, त्या दिशेने ते एक पाऊल होतं. पण टायटल आणि ड्रेक माणसाच्याच नावावर राहिले. एखाद्या बॉसवर गटाबरोबर ठरावीक वेळ लढलेल्याला, तोच गट जिंकल्यावर, निम्मं श्रेय तरी मिळावं. याचा गैरफायदा घेणारे निघतील हे मान्य. आत्ताच्या पद्धतीचा गैरफायदा घेणारे काय कमी आहेत? सोनं मोजून गटात शिरणारे, आडवे पडून टायटल नेणारे कितीतरी. २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने अशा संघटित विक्रीवर नियम आणले, तरी गिल्डच्या पातळीवर तो धंदा चालतोच.

आणि त्याच टायटलचा पुढे दाखला म्हणून वापर. नंतरच्या काळात ‘अहेड ऑफ द कर्व्ह’ आली, पुढची रेड यायच्या आत शेवटचा बॉस हिरोइक या अवघड पातळीवर मारल्याची. आता अनोळखी गटात जायचं तर आधी विचारतात, “कर्व्ह लिंक करा,” म्हणजे ती अचीव्हमेंट दाखवा. म्हणजे बॉस मारायचा असेल तर आधी बॉस मारलेला हवा. आधी लगीन कोंडाण्याचं म्हणायचं, आणि कोंडाणा कुणी घेऊ द्यायचा नाही.

न्यायाचा अजून एक पैलू, पंचांचा. फेब्रुवारी २०१० मध्ये एन्सिडिया या गिल्डने पंचवीस जणांत लिच किंग जगात पहिल्यांदा पाडला, आणि मग त्यांची अचीव्हमेंट आणि लूट काढून घेऊन त्यांना ७२ तास निलंबित केलं गेलं. कारण सॅरोनाइट बॉम्ब. इंजिनिअरिंगची साधी वस्तू, नुकसान वाढवायला लोक ती सर्रास वापरायचे. पण एका बगमुळे त्या बॉम्बने लिच किंगने फोडलेल्या ओट्याच्या कडा पुन्हा उभ्या राहायच्या, आणि लढत सोपी व्हायची. मला विजय रद्द करणं पटतं. जी लढत बाकीचे लढत होते ती ही नव्हतीच. निलंबन मात्र पटत नाही. बग कुणाचा आणि शिक्षा कुणाला, चोर सोडून संन्याशाला फाशी असा तो प्रकार.

दुसऱ्या गेममध्ये काय आहे हेही जरा बघितलं. ‘डेस्टिनी २’मधली ‘पेट्राज रन’ म्हणजे ‘लास्ट विश’ ही पूर्ण रेड सहा जणांनी एकदाही न मरता करायची. एक मेला की सगळे रेडबाहेर, थेट अवकाशातल्या कक्षेत फेकले जातात. कागदावर ही ‘इमॉर्टल’चीच बहीण, पण माणसं सहाच आणि लगेच पहिल्यापासून सुरू करता येतं, त्यामुळे डंख कमी. ‘फायनल फँटसी १४’च्या अल्टिमेट लढती मला जास्त प्रामाणिक वाटल्या. आठ जण, पंधरा-वीस मिनिटांची सलग लढत, मधे कुठेही थांबा नाही, आणि कित्येक ठिकाणी एक चुकला की आठही जण पडतात. अवघडपणात नॅक्सरामस त्यांच्या पायाशीही उभं राहणार नाही. पण हवे तितके प्रयत्न करा. जिंकलात की आठही जणांना टायटल आणि प्रत्येकाला शस्त्र घेण्यासाठीचं टोटेम. तिथे आडवं पडून जिंकणंही फार कठीण, कारण आठांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला काम नेमून दिलेलं असतं. त्या समाजात शिकणाऱ्यांचे वेगळे गट असतात, कुठल्या टप्प्यापर्यंत सराव झालाय ते आधीच लिहितात, आणि त्या टप्प्यापर्यंतचा माणूस निर्धास्त येतो. वॉरक्राफ्टवाल्यांनी ही एक सवय उचलावी.

शेवटी, कुणी क्लासिकमध्ये अजूनही गट बांधत असेल तर माझा कौल असा. उल्डुआरच्या दोन्ही याद्या कराच, पंचवीसची जमत नसेल तर दहाची. आधी रेझरस्केल आणि कोलोगार्न उरका, माणसं एकमेकांशी बोलायला शिकतात. फ्रेयाला एकेक वडीलधारा वाढवत जा. मिमिरनचं बटन रात्रीच्या शेवटी दाबू नका, सुरुवातीला दाबा, लोक ताजेतवाने असताना. सार्थेरियन करा, पण ड्रेकचं काय करायचं ते आत शिरण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा. ‘इमॉर्टल’सारखी एखादी हवीच असेल तर ज्यांना वगळणार त्यांना यादी लागण्याआधी, समोरासमोर सांगा, आणि त्याच आठवड्यात त्यांच्यासाठी दहाची एक वेगळी रात्र ठेवा. आणि हीलर नेहमीपेक्षा एक जास्त घ्या.